आवाजाची दुसरी वाट

‘लाइन मिळाली’ हा शब्दप्रयोग आता फारसा ऐकू येत नाही. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास ताटकळणाऱ्या पिढीच्या तोंडी तो होता, आणि तो शब्दशः खरा होता. पुण्याहून नागपूरला बोलायचे असेल तर मधल्या एक्स्चेंजांतून तारांच्या जोड्या एकीला एक जोडत नेल्या जात आणि दोन घरांमध्ये एक सलग विद्युतवाट तयार होई. बोलणे संपेपर्यंत ती वाट तुमची. तुम्ही गप्प बसलात तरी तुमचीच. दुसऱ्या कोणाला ती मिळत नसे. ज्याला घाई त्याने ‘अर्जंट’ लावायचा, फारच घाई असेल तर ‘लायटनिंग’. मधली तार तुटली की बोलणेही तुटे आणि माणूस पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राही.

आज इंटरनेटवरून परदेशातल्या नातवाशी बोलणाऱ्या आजीला अशी कोणतीही लाइन मिळालेली नसते. तिच्या आवाजाचे सेकंदाला साधारण पन्नास तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता पडतो आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे निघतो. वाट बंद असेल तर तो दुसऱ्या वाटेने जाईल, अशी या रचनेची ख्याती आहे. ही ख्याती कितपत खरी आहे हे पाहायचे तर या तंत्राचा साठ वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. त्यातला एकच धागा येथे घेतला आहे : एक वाट बंद पडल्यावर आवाजाने दुसरी कशी शोधायची, आणि किती वेळात.

दुसऱ्या वाटेची कल्पना इंटरनेटवाल्यांची नव्हे. अमेरिकेत १९५१ साली न्यू जर्सीतल्या एंगलवूडहून कॅलिफोर्नियातल्या अलामीडाला ग्राहकाने स्वतः डायल करून पहिला थेट दूरपल्ल्याचा कॉल लावला, त्या सुमारास तिथल्या टेलिफोन जाळ्यात एक्स्चेंजांची पाच पायऱ्यांची उतरंड होती. दोन शहरांमधल्या थेट तारा भरलेल्या असल्या की यंत्र कॉल वरच्या पायरीवरच्या एक्स्चेंजकडे ढकलत असे, तिथेही जागा नसेल तर आणखी वर. म्हणजे पर्याय होते. पण निवड व्हायची ती बोलणे सुरू होण्यापूर्वी, एकदाच. शिवाय वरच्या पायरीवरची केंद्रे मोजकी होती आणि त्यांची ठिकाणे कोणाही शत्रूला शोधता आली असती.

शीतयुद्धाच्या काळात हीच गोष्ट पॉल बॅरन या अभियंत्याला खुपू लागली. पोलंडमधल्या ग्रोद्नो इथे १९२६ साली जन्मलेले बॅरन १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रँड या संस्थेत दाखल झाले. अणुहल्ल्यानंतरही सेनाप्रमुखांचा आदेश तळापर्यंत पोचेल असे जाळे कसे बांधायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. हल्ला झाल्यावर प्रत्युत्तर देता येईल याची खात्री असली, की धास्तीपोटी पहिला हल्ला स्वतःच करून टाकण्याची गरज उरत नाही, असा त्यामागचा विचार. बॅरन यांनी केंद्रच नसलेले, कोळ्याच्या किंवा मासेमारीच्या जाळ्यासारखे जाळे कागदावर मांडले आणि संगणकावर त्याच्या गाठी एकेक करून तोडून पाहिल्या. निष्कर्ष अनपेक्षित होता. प्रत्येक गाठ शेजारच्या तीन-चार गाठींशी जोडलेली असेल, तर अर्ध्याहून अधिक जाळे उद्ध्वस्त होऊनही उरलेल्या बहुतेक गाठी एकमेकींशी बोलू शकत होत्या. त्यासाठी प्रत्येक भाग भक्कम असण्याचीही गरज नव्हती. स्वस्त आणि बेभरवशाच्या भागांतून भरवशाचे जाळे विणता येत होते.

अशा जाळ्यात संदेश कसा फिरेल? बॅरन यांनी त्याचे सारख्या लांबीचे तुकडे केले. प्रत्येक गाठीने हातात आलेला तुकडा, पोळणारा बटाटा हातावेगळा करावा तसा, त्या क्षणी मोकळ्या असलेल्या सर्वांत बऱ्या वाटेने पुढे ढकलायचा. कोणती वाट बरी, हे ती गाठ येणाऱ्या तुकड्यांवरूनच शिकणार. अमुक गावाहून आलेला तुकडा या बाजूने आला आणि त्याला कमी टप्पे लागले, तर त्या गावाला जाणारा तुकडाही याच बाजूला द्यावा. १९६४ मध्ये रँडने हे सारे काम खंडांच्या रूपात प्रसिद्ध केले. त्यातला बहुतेक भाग मुद्दाम गुप्त ठेवला नव्हता.

बॅरन यांच्या जाळ्यातून फक्त तारा-संदेश जाणार नव्हते, माणसाचा आवाजही जाणार होता, ही गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते. आणि टेलिफोन कंपनीशी त्यांचा खटका उडाला तो नेमका इथे. तेव्हा अमेरिकेतले दूरपल्ल्याचे जाळे एटीअँडटी या एकाच कंपनीच्या हाती होते. बाहेरच्या मंडळींना आपली यंत्रणा समजावून सांगण्यासाठी कंपनीने एक व्याख्यानमाला ठेवली, तेव्हा संपूर्ण चित्र उभे करायला चौऱ्याण्णव वक्ते लागले, असे बॅरन पुढे सांगत. त्यांनाही ही कल्पना पटली नाही. हे चालणे शक्य नाही, आणि चालले तरी स्वतःचा प्रतिस्पर्धी आपणच उभा करणार नाही, असा एकूण सूर होता.

या अभियंत्यांना आडमुठे ठरवणे सोपे आहे. पुष्कळ पुस्तकांत तसे केलेही आहे. पण त्यांचा आक्षेप अनुभवातून आला होता. तारेवरून जाणारा आवाज तेव्हा विजेच्या लहरींच्या रूपात जात असे आणि प्रत्येक टप्प्यावर त्यात थोडी खरखर मिसळत असे. चार-पाच टप्पे ओलांडले की ऐकणे मुश्कील होई. दहा-वीस गाठींवरून आडवळणे घेत जाणारा आवाज त्यांच्या कानांना वेडेपणाच वाटणार. आवाजाचे आकडे केले तर प्रत्येक टप्प्यावर तो कोरा करकरीत करून पुढे पाठवता येतो, हे बॅरन यांचे उत्तर होते. आवाजाचे आकडे करण्याची पद्धत अॅलेक रीव्ह्ज यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये शोधलीही होती. पण साऱ्या देशाचे जाळे त्यावर नव्याने बांधायला कोणी तयार नव्हते. पुढे हे काम अशा सरकारी खात्याकडे जाण्याची चिन्हे दिसू लागली, की ज्याला आकडी तंत्राचा गंध नव्हता. तेव्हा बॅरन यांनी स्वतःच प्रस्ताव मागे घेतला. हाताशी धरून बिघडवण्यापेक्षा न केलेले बरे, असा त्यांचा हिशेब.

त्याच सुमारास, १९६५ मध्ये, लंडनजवळ टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस जवळपास त्याच उत्तराशी पोचले, तेही बॅरन यांचे काम माहीत नसताना. त्यांच्यासमोर अणुयुद्ध नव्हते. एका संगणकावर अनेकांनी दुरून काम करायचे तर टेलिफोनची लाइन बहुतेक वेळ रिकामी पडून राहते, हा त्यांचा प्रश्न होता. ‘पॅकेट’ हे नाव त्यांचेच. दुसऱ्या भाषांतही सहज नेता येईल असा शब्द हवा म्हणून त्यांनी भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. मराठीने हा शब्द कधीच ‘पाकीट’ करून घेतला होता, त्यामुळे आपली फारशी अडचण झाली नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले आर्पानेटही संगणकांच्या वाटणीसाठीच होते. इंटरनेट अणुबॉम्बला तोंड देण्यासाठी जन्मले, ही लोकप्रिय कथा म्हणून अर्धीच खरी आहे. कल्पनेच्या एका उगमाशी बॉम्ब आहे, बांधकामाच्या पायाशी नाही.

आर्पानेटवर प्रथम गेली ती अक्षरे आणि आकडे. त्यांच्या बाबतीत एकच गोष्ट महत्त्वाची होती : काहीही गाळायचे नाही. तुकडा हरवला तर पुन्हा मागवा, क्रम चुकला तर थांबा, सगळे आल्यावरच पुढे द्या. बँकेचा हिशेब असा पोचवला तर उत्तमच. पण बोलणे? ‘मी उद्या ये-’ नंतरचा ‘-त नाही’ दोन सेकंदांनी आला, तर मधल्या शांततेत समोरच्याने चहा टाकलेला असतो. नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकांत यासाठी दूध आणि वाइन यांचा दाखला देतात. वाइन जुनी झाली तरी चालते, दूध वेळेवर आले नाही तर टाकून द्यावे लागते. आपल्याकडे वाइनच्या जागी लोणचे घालावे. आवाज हे दूध आहे.

हे ओळखून त्यावर काम केले डॅनी कोहेन यांनी. हायफा इथे १९३७ मध्ये जन्मलेले कोहेन १९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मरीना डेल रे इथल्या संस्थेत आले, त्याआधी ते विमान उडवण्याच्या सरावाची संगणकी यंत्रणा करत होते. वैमानिकाने दांडा ओढल्यावर पडद्यावरचे क्षितिज अर्ध्या सेकंदाने कलले तर त्याचा उपयोग नाही, हे त्यांना आवाजाकडे वळण्यापूर्वीच ठाऊक होते. आर्पातल्या बॉब कान यांनाही यात रस होता, कारण लष्कराला चोरून ऐकता येणार नाही असे संभाषण हवे होते.

पहिली अडचण आकाराची होती. टेलिफोन कंपनीच्या मापाने आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने, प्रत्येकी आठ बिट, म्हणजे चौसष्ट हजार बिट होतात. आर्पानेटच्या वाहिन्यांची क्षमता पन्नास हजार. घडा तांब्यात ओतायचा प्रकार. मग आवाज आवळण्याच्या युक्त्या आल्या. त्यांतली सर्वांत फलदायी युक्ती जपानमधले इटाकुरा व साइतो आणि अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतले बिष्णू अटल यांनी स्वतंत्रपणे घडवली होती. अटल मूळचे कानपूरचे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले आणि तिथेच काही काळ शिकवून १९६१ मध्ये बेलमध्ये गेलेले. तोंडाची पोकळी निमिषात फारशी बदलत नाही, त्यामुळे आवाजाचा पुढचा नमुना मागच्या काही नमुन्यांवरून बऱ्यापैकी ओळखता येतो. तेव्हा आवाज पाठवण्याऐवजी तो घडवण्याचे थोडे आकडे पाठवावेत आणि पलीकडच्या यंत्राने त्यावरून आवाज नव्याने तयार करावा. पदार्थाऐवजी पाककृती पाठवण्यासारखे हे आहे.

ऑगस्ट १९७४ मध्ये मरीना डेल रे आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन प्रयोगशाळा यांच्यामध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, पाकिटांतून आवाज गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांता बार्बरा इथली कलर-हॅरिसन कंपनी आणि लिंकन प्रयोगशाळा यांच्यामध्ये पाककृतीच्या पद्धतीने दोन्ही बाजूंचे बोलणे झाले, तेही सेकंदाला सुमारे साडेतीन हजार बिटांत. टेलिफोनच्या मापाच्या अठराव्या हिश्श्यात!

पण खरी लढाई आकाराची नव्हती, सवयीची होती. आर्पानेटचा ‘हरवले तर पुन्हा मागवा’ हा भरवसाच आवाजाच्या मुळावर येत होता. कोहेन आणि कान यांनी त्यासाठी एक वेगळ्या प्रकारचे पाकीट वापरले. त्याची पोच नाही, क्रमाची हमी नाही. पोचले तर पोचले. ऐकणाऱ्या बाजूला तुकडे क्षणभर साठवून ते समान अंतराने वाजवायचे. वेळेत न आलेल्याची वाट पाहायची नाही, तिथे क्षणभर शांतता सोडायची. कान ती फट भरून काढतो. माणसाच्या ऐकण्याला एवढी गाळणूक चालते.

१९७७-७८ मध्ये जाळ्यांना जोडणाऱ्या जाळ्याचे, म्हणजे इंटरनेटचे, नियम घडत होते. व्हिंट सर्फ आणि कान यांच्या मूळ आराखड्यात वाट दाखवणे आणि हरवलेले पुन्हा मागवणे ही दोन्ही कामे टीसीपी या एकाच नियमावलीकडे होती. डेव्हिड रीड यांच्यासारख्या काहींच्या साथीने कोहेन भांडत राहिले, की सगळ्यांवर भरवसा लादू नका. जॉन पोस्टेल यांनीही ऑगस्ट १९७७ मध्ये लिहून ठेवले, की थरांची सरमिसळ करून आपण चूक करत आहोत. १९७८ च्या सुरुवातीला मरीना डेल रे इथल्या बैठकीच्या वेळी सर्फ, पोस्टेल आणि कोहेन यांच्यात फाळणी ठरली. पत्ता पाहून तुकडा पुढे ढकलण्याचे काम आयपीचे, बिनचूकपणाचे काम टीसीपीचे. ज्याला बिनचूकपणा नको, वेळ हवी, त्याच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी ही हलकी नियमावली आली. आजही इंटरनेटवरचे बहुतेक बोलणे यूडीपीवरून चालते. इंटरनेट अक्षरांसाठी बांधले आणि आवाज त्यात मागाहून घुसला, असे सर्वसाधारणपणे मानतात. मला हे पटत नाही. आयपीचा आजचा सुटसुटीतपणा आवाजाच्या हट्टामुळे आला आहे.

इथपर्यंत तुकडा कसा पाठवायचा हे ठरले. वाट बंद पडल्यावर काय, हा बॅरन यांचा प्रश्न अजून बाकी होता. इंटरनेट वाढून हजारो कंपन्यांच्या जाळ्यांचे मिळून एक झाले, तेव्हा त्यांनी एकमेकांना वाटा कळवण्यासाठी बीजीपी ही पद्धत घेतली. १९८९ मध्ये सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा काढला. पद्धत गावातल्या निरोपासारखी आहे. प्रत्येक जाळे शेजाऱ्याला सांगते : अमुक ठिकाणी माझ्यामार्फत जाता येईल. पूल वाहून गेला की ‘आता जाता येत नाही’ हा निरोप शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरतो, आणि त्या दरम्यान कोणीतरी जुन्याच बातमीवर विसंबून चुकीची वाट सांगत राहतो.

हे पसरायला किती वेळ लागतो? क्रेग लॅबोविट्झ, आभा आहुजा आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षे मोजमाप करून २००० साली निष्कर्ष मांडला : एक वाट गेल्यावर जाळ्यांना दुसरीवर स्थिर व्हायला सरासरी तीन मिनिटे लागत होती, काही वेळा उलथापालथ पंधरा मिनिटे चाले. ईमेलला हे कळणारही नाही. सेकंदाला पन्नास तुकड्यांच्या हिशेबाने तीन मिनिटांत बोलण्याचे नऊ हजार तुकडे वाया जातात. इतका वेळ ‘हॅलो, हॅलो’ करत कोणी थांबत नाही. जाळे वाचते आणि कॉल मरतो, हे बॅरन यांच्या गणितात दिसले नव्हते.

यावरचा उपाय दुरूनच जुन्या टेलिफोनची आठवण करून देतो. शहराभोवती फायबरचे वर्तुळ घालायचे, एका बाजूला तुटले की आवाज पन्नास मिलिसेकंदांत उलट्या बाजूने वळवायचा, असे टेलिफोन कंपन्या आधीपासून करत होत्या. २००५ मध्ये पाकिटांच्या जाळ्यासाठीही तसा नियम आला. प्रत्येक राउटरला आधीच सांगून ठेवायचे, की ही वाहिनी गेली तर कोणाला न विचारता त्या आडवाटेने जा. बातमी पसरेपर्यंत थांबायचे नाही. बॅरन यांचा तुकडा पोचल्या ठिकाणी वाट शोधत होता; इथे वाटही आखलेली आणि तिची राखीव वाटही आखलेली. दूध वेळेवर पोचवण्यासाठी पाकिटांच्या जाळ्याला पुन्हा थोडी ‘लाइन’ टाकावी लागली.

वेळेचा प्रश्न असा बराचसा सुटला. दुसरा प्रश्न मात्र जमिनीवरचा आहे : राखीव वाट खरोखर दुसरी आहे का? ८ मे १९८८ रोजी शिकागोजवळच्या हिन्सडेल इथल्या टेलिफोन केंद्राला आग लागली. हजारो घरांचे फोन काही आठवडे मुके झाले आणि विमानतळाच्या वाहतूक नियंत्रणालाही त्याची झळ बसली, कारण नकाशावर वेगळ्या दिसणाऱ्या अनेक वाहिन्या त्या एका इमारतीतून जात होत्या. १५ जानेवारी १९९० ला एटीअँडटीचे देशभरातले ११४ स्विच नऊ तास एकमेकांना पाडत राहिले. एक स्विच सावरून ‘मी परत आलो’ असे शेजाऱ्याला कळवी, तो निरोप वाचताना शेजारी कोसळे. साऱ्यांत एकच आज्ञावली होती, तिच्यात एकच दोष होता. म्हणून एकाला दुसऱ्याचा आधार मिळालाच नाही. जुलै २००१ मध्ये बाल्टिमोरच्या रेल्वे बोगद्यात मालगाडी पेटली, तेव्हा एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची फायबर एकाच बोगद्यातून गेलेली आढळली. वेगवेगळ्या कंपन्यांकडून दोन वाहिन्या घेऊन निर्धास्त झालेल्या ग्राहकांची ती दोन्ही पाकिटे एकाच खिशात होती.

आपल्याकडे हे कळले ३० जानेवारी २००८ ला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळच्या समुद्रात फ्लॅग आणि सी-मी-वी-४ या दोन केबल जवळजवळ एकाच वेळी तुटल्या. दोन वेगळ्या मालकीच्या, एकमेकींना पर्याय मानल्या जाणाऱ्या केबल. पण युरोपला जाणारा रस्ता सुएझच्या चिंचोळ्या पट्टीतून जातो, त्यामुळे दोघी तिथे शेजारणी झालेल्या. भारताच्या इंटरनेट क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास हिस्सा त्या दिवशी गेला. १ एप्रिल २००२ ला इंटरनेटवरून बोलण्याला आपल्याकडे परवानगी मिळून सहा वर्षेही झाली नव्हती, पण तेवढ्यात परदेशी ग्राहकांचे फोन घेणारे उद्योग उभे राहिले होते.

जाळे त्या दिवशी कोसळले नाही, हे बॅरन यांचे यश म्हणावे लागेल. वाहतूक पूर्वेला वळवण्यात आली : सिंगापूर, जपान, पॅसिफिक, अमेरिका आणि मग अटलांटिक. पण हिशेब करून पाहू. फायबरमधला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून लंडनला असे उलटे जायचे तर अंतर तीस हजार किलोमीटरच्या घरात, म्हणजे निव्वळ प्रवासालाच दीडशे मिलिसेकंद. आणि संभाषण सहज वाटावे यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एका बाजूच्या विलंबाची जी मर्यादा सुचवली आहे, तीही दीडशेच. तुकडे करणे, साठवणे, गर्दीत थांबणे हे सारे त्यावर. दुसरी वाट सापडली होती, पण तिच्यावरून बोलताना दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. त्याच वर्षी १९ डिसेंबरला भूमध्य समुद्रात त्या दोन केबलसोबत, जानेवारीत आधाराला उरलेली जुनी सी-मी-वी-३ सुद्धा तुटली.

त्यानंतर भारताला येणाऱ्या केबलांची संख्या आणि क्षमता कितीतरी वाढली आहे. चेन्नई, कोची अशी अन्य ठिकाणेही आहेत. मुंबईला येणाऱ्या बहुतेक केबल मात्र वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, थोड्याच किलोमीटरांच्या पट्ट्यात वाळूखालून वर येतात. तिथे किनाऱ्याला लागून कोळीवाडा आहे आणि त्याच पाण्यात मासेमारीची जाळी टाकली जातात.